वासराचा पहिला घोट

खरवस तुम्हांला आवडतो ना? गाय किंवा म्हैस व्याली, की शेजारच्या घरातून तांब्याभर चीक येतो. आई त्यात दूध, गूळ आणि वेलदोड्याची पूड घालते आणि तो वाफेवर शिजवते. मग मऊ, पिवळसर वड्या ताटलीत येतात. त्या खाताना एक प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. गाईने हा चीक कोणासाठी तयार केलेला असतो?

चीक म्हणजे गाय व्याल्यानंतरचे पहिले दूध. ते नेहमीच्या दुधासारखे पांढरे आणि पातळ नसते. ते दाट, पिवळे आणि चिकट असते. त्यात प्रथिने पुष्कळ असतात, म्हणून तर शिजवल्यावर त्याच्या वड्या पडतात. यांतील काही प्रथिने फार मोलाची असतात. ती रोगजंतूंशी लढतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. आपण त्यांना पहारेकरी म्हणू या.

माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच तिच्या रक्तातील काही पहारेकरी मिळतात. वासराला मात्र मिळत नाहीत. गाईच्या वारेची रचनाच तशी असते. वारेतून वासराला अन्न मिळते, प्राणवायू मिळतो, पण पहारेकरी पलीकडे जाऊ शकत नाहीत. म्हणून नुकते जन्मलेले वासरू दिसायला कितीही गुटगुटीत असले, तरी रोगांपुढे ते अगदी उघडे असते. त्याचे पहारेकरी त्याच्या आईच्या कासेत असतात.

ते वासरापर्यंत वेळेवर कसे पोचवायचे? हे पाहण्यासाठी आपण जरा लांब, जर्मनी देशात जाऊ. जर्मनीच का, असे तुम्ही विचाराल. काळ्या-पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांची गाय तुम्ही पाहिली असेल. डेअरीवर दूध घालायला येणारी माणसे तिला एचएफ म्हणतात. तिचे पूर्ण नाव होल्स्टीन फ्रिजियन. यांतील होल्स्टीन हे जर्मनीच्या उत्तरेकडील एका प्रदेशाचे नाव आहे. पुण्याजवळ उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली बाएफ ही संस्था स्थापन केली. गावठी गाईंपासून जास्त दूध देणाऱ्या संकरित गाई तयार करण्याचे मोठे काम या संस्थेने केले. त्यासाठी होल्स्टीन, जर्सी अशा परदेशी जातींचा उपयोग झाला. तेव्हा तुमच्या गावातील एखाद्या गाईचे माहेर जर्मनीच्या बाजूला आहे, असे म्हणायला हरकत नाही. त्या माहेरी वासरे कशी वाढवतात, ते पाहू.

श्लेस्विग-होल्स्टीन हे जर्मनीचे सर्वांत उत्तरेकडील राज्य. त्याच्या एका बाजूला उत्तर समुद्र आणि दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र आहे. जमीन बहुतेक सपाट, हिरवीगार आणि वारा सतत वाहणारा. हिवाळ्यात तेथे पाणी गोठते. अशाच एका हिवाळी रात्री गोठ्यात एक गाय व्यायला आली आहे, अशी कल्पना करा. तिला इतर गाईंपासून दूर, भरपूर काड पसरलेल्या जागेत मोकळे सोडलेले असते.

वासरू जन्मते. सुमारे चाळीस किलो वजनाचे, ओलेचिंब. गाय लगेच त्याला चाटू लागते. चाटण्याने त्याचे अंग कोरडे होते, रक्त खेळू लागते आणि श्वास नीट चालू होतो. गाय थकलेली असेल तर शेतकरी मूठभर काड घेऊन वासराचे अंग चोळतो. मग तो त्याची नाळ आयोडीनच्या औषधात बुडवतो. ओली नाळ म्हणजे रोगजंतूंना आत जायला उघडी वाटच असते.

यानंतर शेतकरी घड्याळ पाहतो. आता त्याला घाई करायची असते. तो हात धुतो, गाईची कास स्वच्छ करतो आणि धार काढतो. हा चीक दाट दिसतो म्हणून चांगलाच असेल, असे तो धरून चालत नाही. तो एक काचेची नळी चिकात तरंगत सोडतो. नळीवर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. हिरव्या पट्ट्यापर्यंत नळी वर राहिली, तर चिकात पहारेकरी भरपूर आहेत. ती लाल पट्ट्यापर्यंत बुडाली, तर चीक पातळ आहे. अशा वेळी उपयोगी पडावा म्हणून शेतकऱ्याने दुसऱ्या गाईचा चांगला चीक बर्फाच्या पेटीत गोठवून ठेवलेला असतो. तो कोमट पाण्यात हळूहळू वितळवतात. उकळत्या पाण्यात मुळीच ठेवत नाहीत. उकळल्याने पहारेकरी नष्ट होतात. (खरवसातही ते उरत नाहीत. खरवस आपले पोट भरतो, एवढेच.)

कोमट चीक रबरी सड लावलेल्या बाटलीत भरतात आणि वासराच्या तोंडाशी नेतात. वासरू आधी गोंधळते. मग त्याला चव समजते आणि ते चोखू लागते. पहिल्याच वेळी त्याला तीन-चार लीटर चीक पाजतात.

जर्मनीत २००१ साली पाळीव जनावरांच्या पालनासंबंधी एक नियमावली झाली. वासराला जन्मापासून चार तासांच्या आत चीक दिलाच पाहिजे, असे तिच्यात लिहिले आहे. चार तासच का? सकाळी उठून सावकाश पाजला तर चालणार नाही का?

नाही चालणार. त्याचे कारण वासराच्या आतड्यात आहे. आपण खाल्लेली प्रथिने पोटात बारीक तुकडे होऊन पचतात. पण जन्मानंतर पहिले काही तास वासराचे आतडे एक सवलत देते. पहारेकऱ्यांना ते तुकडे न करता, जसेच्या तसे रक्तात जाऊ देते. जणू आतड्याचे दार उघडे असते. ते तासागणिक मिटत जाते. साधारण चोवीस तासांनी ते पूर्ण बंद होते. मग बादलीभर चीक पाजला, तरी त्यातील पहारेकरी रक्तात शिरत नाहीत. इकडे कासेतही बदल होत असतो. गाय व्याली, की कासेत नेहमीचे दूध उतरू लागते आणि चीक पातळ होत जातो. म्हणजे दारही मिटत असते आणि पहारेकरीही विरळ होत असतात.

आईच्या दुधातून असे संरक्षण मिळते, हे माणसाला कसे कळले? ही गोष्टही जर्मनीतीलच आहे. बर्लिन शहरात पाउल एर्लिख नावाचे शास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी काही उंदरांना एरंडाच्या आणि गुंजेच्या बियांतील विष अगदी थोडे थोडे दिले आणि हळूहळू त्याचे प्रमाण वाढवत नेले. त्या उंदरांना विषाची बाधा होईनाशी झाली. (गुंजेच्या लालचुटूक बिया तुम्ही पाहिल्या असतील. त्या कधीही तोंडात घालू नका.) मग १८९२ साली एर्लिख यांनी पिल्लांची अदलाबदल केली. साध्या उंदरीची पिल्ले त्यांनी विषाला दाद न देणाऱ्या उंदरीजवळ दूध प्यायला ठेवली. त्या पिल्लांनाही विषाची बाधा होईना! ती त्या उंदरीच्या पोटी जन्मलेली नव्हती. त्यांनी तिचे फक्त दूध प्यायले होते. एर्लिख यांना रोगप्रतिकाराच्या शोधांबद्दल १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी वासरांवर प्रयोग केले. चीक न मिळालेली वासरे आजारी पडून मरतात, चीक मिळालेली जगतात, हे त्यांनी १९२२ साली दाखवून दिले.

आता थोडे आपल्या गावाकडे पाहू. आपल्याकडे काही ठिकाणी गाईची वार पडेपर्यंत वासराला कासेला लावत नाहीत. धारही काढत नाहीत. वार पडायला कधी कधी आठ-दहा तास लागतात. तोपर्यंत वासरू उपाशी, आणि त्याच्या आतड्याचे दार मिटत चाललेले. ही रीत घालणाऱ्यांना वासराचे वाईट करायचे नव्हते. आतड्यात असे काही दार असते, हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. आज ते आपल्याला ठाऊक आहे. वार पडण्याची वाट पाहण्याची काही गरज नाही. उलट, वासरू कासेला लागले, की वार पडायलाही मदत होते.

पुन्हा जर्मनीत जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी आपले वासरू गोठ्यात दिसत नाही. ते बाहेर, थंडीत, एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या घुमटाकार घरकुलात बसलेले असते. अशी घरकुले ओळीने मांडलेली असतात. बर्फाच्या प्रदेशातील घरांसारखी दिसतात म्हणून त्यांना इग्लू म्हणतात. एवढ्या थंडीत वासराला बाहेर का ठेवले, म्हणून तुम्हांला शेतकऱ्याचा राग येईल. पण बंद गोठ्यातील कोंदट हवा वासराला थंडीपेक्षा अधिक बाधते. मुताच्या वासाने डोळे चुरचुरतात ना, तीच हवा वासराच्या फुप्फुसांत जाते. बाहेरची हवा स्वच्छ असते. मात्र खाली कोरडे काड हवे, आणि तेही थोडेथोडके नाही. शेतकरी त्याची एक सोपी परीक्षा घेतो. वासरू बसले, की त्याचे पाय दिसतात का, हे पाहतो. पाय दिसले तर काड कमी आहे. पाय काडात बुडालेले असले तर वासरू उबेत आहे. दुसरी परीक्षा याहून सोपी. शेतकरी स्वतः काडावर गुडघे टेकतो. उठल्यावर गुडघे ओले झाले, तर काड बदलतो. फारच गारठा असेल, तर वासराला चक्क झूल घालतात.

शेजारच्या घरकुलातील वासरे दिसतील आणि त्यांना नाक लावता येईल, अशी सोय केलेली असते. कारण वासरू हे कळपातील जनावर आहे. आठ आठवड्यांनंतर तर त्याला इतर वासरांबरोबरच ठेवावे लागते, असा नियम आहे.

वासराच्या दोन्ही कानांत सात दिवसांच्या आत पिवळे बिल्ले लावतात. त्यांवर त्याचा क्रमांक असतो. आपल्याकडेही गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो. तो तुम्ही पाहिला असेल.

आता वासराचे रोजचे जेवण. शेतकऱ्याच्या घरातील मुलांना हे सांगायला नको, की वासरू मान वर करून पिते आणि मधून मधून कासेला ढुशा मारते. मान वर करून चोखण्यात मोठी खुबी आहे. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. दूध पचते ते चौथ्या कप्प्यात. वासरू चोखू लागले, की अन्ननलिकेच्या शेवटी एक पन्हळ तयार होते आणि दूध पहिले कप्पे ओलांडून सरळ चौथ्या कप्प्यात जाते. उघड्या बादलीतून घटाघटा प्यायले, तर काही दूध चुकून पहिल्या कप्प्यात सांडते आणि तेथे नासते. वासराचे पोट बिघडते. म्हणून जर्मनीत बादलीलाच खाली रबरी सड बसवतात आणि ती बादली वासराच्या मानेच्या उंचीवर टांगतात. सडाचे भोकही बारीक ठेवतात. भोक मोठे असले, तर दूध भसकन तोंडात येते आणि वासरू नीट चोखत नाही.

दूध कोमट, म्हणजे साधारण ३८ ते ४० अंश सेल्सिअसचे लागते. वासराच्या अंगाची ऊबही जवळपास तेवढीच असते. प्रत्येक वासराची बादली वेगळी असते आणि ती रोज धुतात. पाजताना सर्वांत लहान वासरापासून सुरुवात करतात. आजारी वासराकडे शेवटी जातात. उलट क्रमाने गेले, तर पाजणाऱ्याच्या हातांबरोबर आणि कपड्यांबरोबर रोगही एकाकडून दुसऱ्याकडे जाईल.

दूध किती पाजायचे, याबद्दल जर्मन शेतकऱ्यांचे मत गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदलले आहे. पूर्वी दिवसाला सहा लीटर दूध पुरे समजत. जास्त दूध पाजले, की हगवण लागते, असा समज होता. शिवाय दूध वाचले, की विकता येते. पण आईजवळ मोकळे असलेले वासरू दिवसातून अनेक वेळा पिते आणि पुष्कळ पिते. तरी ते आजारी पडत नाही. आता अनेक गोठ्यांत पहिल्या काही आठवड्यांत वासराला दिवसाला दहा-बारा लीटर, किंवा त्याला हवे तेवढे दूध देतात. चांगले वाढलेले वासरू दोन महिन्यांत जन्माच्या दुप्पट वजनाचे होते. थंडीच्या दिवसांत तर दूध वाढवावेच लागते, कारण दुधातील बरीच शक्ती अंग ऊबदार ठेवण्यातच खर्च होते. काही शेतकरी गाईच्या दुधाऐवजी दुधाची भुकटी पाण्यात कालवून पाजतात.

एवढे करूनही वासरू आजारी पडू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हगवणीची भीती सर्वांत जास्त. शेतकरी रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वासरू नीट पाहतो. कान पडलेले आहेत का? डोळे खोल गेले आहेत का? हाक मारली तर ते उठते का? मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, की ती लगेच पूर्ववत झाली पाहिजे. ती तशीच उभी राहिली, तर अंगातील पाणी कमी झाले आहे. हगवण लागलेली वासरे बहुधा जंतूंपेक्षा या पाण्याच्या तुटवड्यानेच दगावतात. तुम्हांला जुलाब झाले, की आई काय देते? जलसंजीवनी! वासरालाही तसेच साखर आणि क्षार घातलेले कोमट पाणी देतात. ते दुधाच्या दोन वेळांच्या मध्ये देतात. दूध मात्र बंद करत नाहीत. हगवण लागली, की दूध तोडायचे, ही पूर्वीची समजूत. त्यामुळे आधीच अशक्त झालेले वासरू आणखी उपाशी राहत असे. वासरू उठेनासे झाले, तर वेळ न घालवता पशुवैद्याला बोलावतात.

चिकातून मिळालेले पहारेकरी कायमचे नसतात. दोन-तीन आठवड्यांत ते कमी होऊ लागतात. वासराचे स्वतःचे पहारेकरी तर अजून पुरेसे तयार झालेले नसतात. हा काळ मोठा नाजूक असतो. म्हणून जर्मनीत २०२३ पासून एक नवा नियम लागू झाला. अठ्ठावीस दिवस पूर्ण होण्याआधी वासराला गाडीत घालून दुसऱ्या गोठ्यात नेता येत नाही. आधी ही मर्यादा चौदा दिवसांची होती.

आठव्या दिवसापासून वासरापुढे वाळलेले गवत ठेवतात. ते आधी नुसते हुंगते, मग एखादी काडी चघळते. थोडा भरडलेला मका आणि सातूही ठेवतात. हे खाणे पोट भरण्यासाठी नसते. जन्मताना वासराच्या पोटाचा पहिला कप्पा लहान आणि रिकामा असतो. गवत आणि धान्य तेथे गेले, की त्यांवर सूक्ष्म जीव वाढू लागतात, कप्पा मोठा होतो आणि वासरू रवंथ करायला शिकते. शेजारी स्वच्छ पाणीही हवेच. दूध पिते म्हणून वासराला पाणी नको, असे समजू नका. वासरू रोज सुमारे दीड किलो खुराक खाऊ लागले, की त्याचे दूध हळूहळू तोडतात. हे साधारण अडीच-तीन महिन्यांनी होते.

एक गोष्ट मात्र तुमच्या मनाला टोचली असेल. या सगळ्यात वासराची आई कोठे आहे? जर्मनीतील बहुतेक गोठ्यांत वासराला जन्मानंतर लवकरच आईपासून वेगळे करतात. दूध किती प्यायले ते मोजता येते आणि गोठ्यातील रोग वासराला लागत नाहीत, ही त्याची कारणे सांगतात. दूध विकण्याचाही विचार त्यात असतोच. पण काही शेतकरी आता वासराला आईजवळ ठेवून पाहत आहेत. श्लेस्विग-होल्स्टीनमध्येच ट्रेंटहोर्स्ट येथे एक सरकारी संशोधन केंद्र आहे. अशा रीतीने वासरे वाढवण्याचा अभ्यास तेथे झाला आहे. आईजवळची वासरे चांगली वाढतात. पण पुढे त्यांची ताटातूट करताना दोघेही फार हंबरतात. आपल्याकडे वासराला आधी कासेला लावतात, गाईला पान्हा फुटतो, मग धार काढतात आणि शेवटी पुन्हा वासराला सोडतात. जर्मन मुलांना ही रीत सांगितली, तर त्यांना नवल वाटेल. मात्र शेवटी सोडताना कासेत दूध किती उरले आहे, ते आपणही पाहायला हवे.

आणखी एक. कालवड मोठी होऊन दूध देते, म्हणून तिची काळजी सगळेच घेतात. गोऱ्ह्याला बाजारात फारसा भाव येत नाही, म्हणून कधी कधी त्याच्याकडे दुर्लक्ष होते. हे जर्मनीतही होते आणि आपल्याकडेही होते. चार तासांच्या नियमात मात्र कालवड आणि गोऱ्हा असा भेद नाही.

मग खरवस खायचाच नाही का? मलाही खरवस आवडतो. चांगली संकरित गाय वासराला पुरून उरेल इतका चीक देते. आधी वासराचे पोट भरू द्यावे, उरलेल्याच्या वड्या कराव्यात.

तुमच्या किंवा शेजारच्या गोठ्यात गाय व्यायला आली, तर या वेळी वही-पेन्सिल घेऊन जा. वासरू किती वाजता जन्मले, ते लिहा. ते पहिल्यांदा उभे किती वाजता राहिले, तेही लिहा. मग पहिला चीक त्याच्या पोटात किती वाजता गेला, ते लिहा. घरात सर्व जण घाईत असतील, तर चिकाची आठवण तुम्हीच करून द्या.